आधी दार, मग पायरी

धान लावणारा माणूस वरच्या बांधीत पाणी धरण्याआधी खालच्या धुऱ्याकडे बघून येतो. जोराचा पाऊस झाला तर जास्तीचं पाणी कुठून निघेल, हे ठरलेलं नसेल तर धुरा फुटतो. कुडव्याच्या आसपासच्या शिवारात हे कुणाला शिकवावं लागत नाही. जुन्या मैदानाची गॅलरी वाढवायची वेळ आली की मात्र हेच शहाणपण आपण घरी ठेवून जातो. बैठकीत पहिला प्रश्न येतो तो "अजून किती पायऱ्या चढवता येतील?" हा. खरं तर आधी विचारायला हवं, की सामना सुटल्यावर एवढी माणसं बाहेर कशी पडतील.

कुडवा गोंदिया शहराला लागूनच. इथल्या सामन्याला गावची माणसं येतात तशीच शहरातलीही येतात. शंकरपट आणि झाडीपट्टीच्या नाटकांची सवय असलेला हा मुलूख; इथे गर्दी बोलावावी लागत नाही, जमलेल्या गर्दीला जागा करून द्यावी लागते. पुढची कृती अशा गावातल्या जुन्या फुटबॉल मैदानासाठी आहे. नमुन्याला एक मैदान धरू: एका बाजूला ६० मीटर लांबीची, आठ पायऱ्यांची जुनी काँक्रीटची गॅलरी, उरलेल्या तीन बाजू मोकळ्या, आणि २.४ मीटर रुंदीचं एकच फाटक. आकडे आपल्या मैदानाचे घाला, रीत तीच राहील.

हाताशी काय हवं

जुने नकाशे असतील तर ते, नसतील तर नव्याने मोजून काढलेले. लांब टेप, दोन बांबू, सुताची दोरी, घड्याळ. स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि तो पहिल्या दिवसापासून. ठेका दिल्यावर बोलावलेला इंजिनिअर फक्त सही करतो. जागेच्या मालकीचे कागद, ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, त्यावर तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता. आग प्रतिबंधासाठी महाराष्ट्राचा २००६ चा कायदा आहे. त्याखाली काय लागू होतं ते नकाशा कच्चा असतानाच विचारून घ्या.

वेळेचं गणितही आधीच मांडा. पावसाळ्याचे चार महिने मोजणी, तपासणी आणि नकाशांना द्या. दिवाळीच्या सुमारास हलकं धान निघतं, मागून भारी धान. कापणी-मळणी आटोपेपर्यंत मजूर मिळत नाहीत, हे धरूनच पायाची तारीख ठरवा. मातीकाम आणि पाया उन्हाळ्याआधी उरकला, की वरच्या कामाला पुढच्या पावसापर्यंत सवड मिळते.

पायरी पहिली: आज खरोखर किती माणसं बसतात ते मोजा

गावात कुणालाही विचारा, "दोन हजार आरामात बसतात" असं उत्तर येईल. ते अंतिम सामन्याच्या दिवशीचं चित्र असतं. त्यात जिन्यावर बसलेले, कठड्यावर चढलेले आणि बापाच्या खांद्यावरचे सगळे आले.

मोजायचं असं. एका माणसाला अर्धा मीटर जागा द्या. दोन्ही बाजूंनी वाट असेल तर एका सलग ओळीत २८ पेक्षा जास्त जण नकोत. एकाच बाजूला वाट असेल तर १४. म्हणजे ६० मीटरच्या गॅलरीत १.२ मीटर रुंदीच्या चार उभ्या वाटा सोडाव्या लागतात. वाटांचे ४.८ मीटर वजा केले की उरले ५५.२. एका पायरीवर ११० माणसं, आठ पायऱ्यांवर ८८०.

हा आकडा ऐकून बैठक हिरमुसते. पण आपण एकटे नाही. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम १९८४ साली खुलं झालं. १९९७ च्या फेडरेशन कपमधला मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा उपांत्य सामना तिथे एक लाख एकतीस हजारांहून अधिक लोकांनी पाहिला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथे एकेक खुर्ची बसवली, वाटा मोकळ्या केल्या, तेव्हा क्षमता सत्तर हजारांच्या आत आली. मोजणी खरी झाली.

पायरी दुसरी: दारं मोजा

२ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपल्यावर एका जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसं गेली. माणसं घरी निघाली होती, गॅलरी शाबूत होती; कमी पडला तो जिना. त्या धक्क्यातून ब्रिटनमध्ये १९७३ साली मैदानांच्या सुरक्षेची एक मार्गदर्शिका निघाली. ती आजही सुधारून वापरली जाते आणि जगभरचे स्टेडियम बांधणारे तिचा आधार घेतात. तिचा गाभा साधा आहे. बसायची जागा, आत यायची दारं, बाहेर जायची दारं आणि संकटात सुटायच्या वाटा यांची क्षमता वेगवेगळी काढा. चारांत जो आकडा सर्वांत लहान, तीच मैदानाची क्षमता.

बाहेर पडण्याचा हिशोब असा: सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं निघतात, पायऱ्या असतील तर ६६. सगळं मैदान आठ मिनिटांत मोकळं व्हायला हवं. म्हणजे सपाट फाटकाच्या एका मीटरमागे ६५६ माणसं. आपल्या २.४ मीटरच्या फाटकातून आठ मिनिटांत १,५७४ जण निघतील. आजच्या ८८० लोकांना ते पुरतं. तीन हजारांच्या आसपास जायचं असेल तर तेवढंच आणखी एक फाटक लागेल; दोन मिळून ३,१४९.

पण फाटकं तीन करा. एखाद्या फाटकासमोर ट्रॅक्टर बंद पडला किंवा आग तिकडेच लागली, तर उरलेल्या दोघांनी काम भागवलं पाहिजे. तिसरं फाटक ही चैन समजू नका.

आत येणारी रांग वेगळी मोजा. तिकीट तपासून सोडताना एका रांगेतून तासाला ६६० माणसं धरतात. २,९०० लोक एका तासात आत घ्यायचे तर पाच रांगा लागतील. रांगांचे अडसर फाटकाच्या तोंडाशी कायमचे रोवू नका. येताना उपयोगी पडलेला लोखंडी पाइप जाताना आडवा येतो.

पायरी तिसरी: जुन्या गॅलरीची नाडी बघा

हातोडी घेऊन पायऱ्यांच्या खालच्या बाजूने हळूहळू ठोकत जा. भरीव आवाज येतो तिथे ठीक; पोकळ येतो तिथे खडूने खूण करा. सळईच्या रेषेत सरळ गेलेल्या भेगा, तांबूस डाग, सुटलेले पोपडे यांचे फोटो काढून नकाशावर नोंदवा. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. वरून केलेला गिलावा हे फक्त झाकतो.

मग स्ट्रक्चरल ऑडिट. त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी आणि संशय असेल तिथे काँक्रीटचा गोल गाभा काढून तो दाबून बघणं, एवढं यायलाच हवं. आणखी एक स्वस्त चाचणी डोळ्यांदेखत होते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला गंजापासून राखतंय. रंग आलाच नाही तर ते राखणं संपलंय. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर त्या गॅलरीवर एक वीटही चढवू नका.

पायरी चौथी: कुठे वाढवायचं ते ठरवा

वाटा चार.

पहिली, जुन्या गॅलरीच्या माथ्यावर पायऱ्या चढवणं. सगळ्यांना आधी हीच सुचते आणि बहुतेक वेळा हीच चुकीची असते. जुना पाया आठ पायऱ्यांचं ओझं मनात धरून घातलेला असतो.

दुसरी, समोरच्या मोकळ्या बाजूला स्वतंत्र नवा स्टँड. तिसरी, दोन्ही गोलच्या मागे मुरुमाचे भराव घालून त्यावर पायऱ्या. चौथी, सुटे जोडता येणारे लोखंडी स्टँड, पण फक्त कारखान्यात तयार झालेले आणि भाराचं प्रमाणपत्र असलेले. बल्ल्या आणि फळ्या बांधून केलेली गॅलरी यात बसत नाही. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनिअर कबड्डी स्पर्धेत तात्पुरती गॅलरी कोसळून शंभरावर प्रेक्षक जखमी झाले. पुढच्याच वर्षी केरळच्या मलप्पुरममध्ये फुटबॉलच्या सामन्यात तेच घडलं.

आपल्या नमुना मैदानासाठी दुसरी आणि तिसरी वाट घेऊ. समोर ६० मीटरचा बारा ओळींचा स्टँड: ११० गुणिले १२, म्हणजे १,३२०. दोन्ही गोलच्या मागे ४० मीटरचे, पाच पायऱ्यांचे भराव: तीन वाटा सोडून एका पायरीवर ७२, म्हणजे एका बाजूला ३६०, दोन्हीकडे ७२०. जुने ८८० धरून एकूण २,९२०. दोन फाटकांच्या ३,१४९ मध्ये हे बसतं. नवं फाटक नव्या स्टँडच्याच मागे काढा, म्हणजे तिकडची माणसं मैदान तुडवत जुन्या फाटकाकडे येणार नाहीत.

जुन्याला लागूनच वाढवणं भाग असेल तर नव्याला त्याचे स्वतःचे पाय द्या. मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर १९९० च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला चढवला, तेव्हा तो जुन्या बांधकामावर ठेवला नाही. बाहेरून अकरा गोल मनोरे उभारून त्यांवर पेलला. आपल्याला मनोरे नकोत, तत्त्व घ्या. नव्या आणि जुन्या बांधकामात फट ठेवा, तीत मऊ भरण घाला. ती फट सिमेंटने बुजवू नका. नवा पाया थोडा बसतोच. बसताना तो जुन्याला ओढून नेऊ नये.

पायरी पाचवी: दोरी लावून नजर तपासा

जागा वाढली आणि बॉल दिसत नसेल तर लोक उभे राहतात. एक उभा राहिला की मागची सगळी ओळ उभी राहते, आणि बसायचा हिशोब मोडतो.

मैदानाबाहेर, मोकळ्या जमिनीवर, दोन सलग ओळींचा नमुना बांबूंनी उभा करा. पुढच्या बांबूवर पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्याची उंची, मागच्यावर मागच्याची. बाजूच्या रेषेची जागा खुंटी ठोकून धरा. खुंटीपासून मागच्या डोळ्यापर्यंत दोरी ताणा. ती पुढच्या डोळ्याच्या किती वरून जाते ते मोजा. नऊ सेंटीमीटर असेल तर उत्तम, सहा ही शेवटची मर्यादा.

कागदावर करायचं तर असं. पहिल्या ओळीचा डोळा रेषेपासून ९ मीटर दूर, २ मीटर उंच. ओळीची खोली ७५ सेंटीमीटर, चढ ३५ सेंटीमीटर. अकराव्या ओळीच्या डोळ्यावरून बाराव्या ओळीची नजर साधारण साडेनऊ सेंटीमीटरने जाते. चढ वाचवून २५ सेंटीमीटर केला तर तीच नजर चार-साडेचार सेंटीमीटरवर येते, म्हणजे पुढच्याच्या केसांत अडकते. दहा सेंटीमीटरचं काँक्रीट वाचवून मागच्या ओळी वाया जातात.

३५ सेंटीमीटरचा चढ बसायला ठीक, चढायला नाही. म्हणून उभ्या वाटांमध्ये प्रत्येक ओळीला मधे एक अर्धी पायरी घाला: साडेसतरा अधिक साडेसतरा. गॅलरीचा उतार ३४ अंशांच्या वर कधीच नेऊ नका.

पायरी सहावी: माती ओळखून पाया घाला

आपल्याकडे कन्हार, मोरंड, सिहार, बरडी ही नावं शेतकऱ्याच्या तोंडी असतात. इंजिनिअरला तीच सांगा, मग मातीची चाचणी करून घ्या. बरडीवर मुरूम लवकर लागतो, काम सोपं. कन्हार उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर वरवर टेकवलेला पाया दरवर्षी वरखाली होतो. अशा जागी कन्हार काढून कठीण थरापर्यंत जा, किंवा बुडाशी रुंद केलेले अंडर-रीम्ड पाइल वापरा. काळ्या मातीसाठी ते आपल्या देशात जुनेच आहेत.

भराव घालताना मुरूम एकदम ढीग करून पसरू नका. वीस-वीस सेंटीमीटरचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. उतार एकास दोन. पायथ्याशी गटार हवंच. १९०२ साली याच आयब्रॉक्सवर लाकडी गॅलरीचा भाग आदल्या रात्रीच्या पावसानंतर कोसळला होता आणि पंचवीस जण गेले होते. मुरुमाच्या भरावालाही खरा धोका पाण्याचाच.

भार ठरवताना भारतीय मानक असं सांगतं: बसवलेल्या खुर्च्या असतील तर दर चौरस मीटरला चार किलोन्यूटन, म्हणजे ढोबळपणे चारशे किलो, खुर्च्या नसतील तर पाच. आपल्याकडे लोक उघड्या पायरीवर बसतात, म्हणून पाचच धरा. गोल झाला की शेकडो माणसं एका ठेक्यात उड्या मारतात. हे इंजिनिअरला मुद्दाम सांगा, म्हणजे तो नुसती ताकद न बघता हादराही बघेल.

पायरी सातवी: कठडा हा भिंतीचा तुकडा नाही

२६ नोव्हेंबर १९९५. नागपूरला भारत आणि न्यूझीलंडचा एकदिवसीय क्रिकेट सामना होता. डावांच्या मधल्या सुट्टीत पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. विदर्भात मैदान वाढवणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी.

विटांची भिंत स्वतःचं वजन पेलते. आडवा रेटा तिला पेलवत नाही. गर्दी कठड्याला टेकते, ढकलते, वाकून बघते. जिथे गर्दी उसळू शकते तिथल्या कठड्यासाठी मानक दर धावत्या मीटरला २.२५ किलोन्यूटन आडवा भार धरायला सांगतं. म्हणजे कठड्याच्या प्रत्येक मीटरवर सव्वादोनशे किलोंचा धक्का. बाराव्या ओळीची फरशी जमिनीपासून साडेचार मीटरहून उंच असेल. तिथला कठडा खालच्या काँक्रीटमध्ये सळईने बांधलेला हवा, उंची १.१ मीटर, आणि चढायला पाय ठेवता येईल अशी आडवी पट्टी नको.

मैदानाच्या बाजूने मात्र उंच जाळी लावू नका. १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर माणसं अशाच कुंपणावर चेंगरली. मृतांचा आकडा शेवटी ९७ वर गेला. संकटात मैदान हीच सर्वांत मोठी मोकळी जागा असते. बॉल अडवायला गोलच्या मागे जाळं पुरे, बाकी कमरेएवढा कठडा आणि त्यात मैदानाकडे उघडणारी दारं.

पायरी आठवी: पाणी, सावली आणि पोटातली जागा

प्रत्येक पायरीला पुढे थोडा उतार द्या, पाणी साचू देऊ नका. छप्पर घालायचं असेल तर वजनाइतकाच वारा मोजा. वैशाखातली वावटळ पत्रा खाली दाबत नाही, वर उचलते. पैसे कमी असतील तर यंदा छपराचे खांब रोवायची सोय करून ठेवा आणि पत्रे पुढच्या वर्षी टाका.

स्टँडखाली मोकळी जागा तयार झाली की तिच्याकडे सगळ्यांचे डोळे जातात: मंडपाचं कापड, खुर्च्या, निवडणुकीचे फलक, बारदाना. १९८५ साली ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षांचा कचरा पडला होता. त्याला आग लागली आणि काही मिनिटांत सगळा स्टँड पेटला. मागची दारं बंद होती. ५६ माणसं गेली. आपला स्टँड काँक्रीटचा असला तरी बारदाना पेटतोच. तिथे स्वच्छतागृहं आणि प्यायचं पाणी करा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं आणि सगळे एकदम उठतात. बायांसाठी पुरेशी सोय नसेल तर त्या दुसऱ्यांदा येत नाहीत.

चाकाच्या खुर्चीसाठी ९० सेंटीमीटर गुणिले १.४ मीटरच्या जागा राखा, शेजारी सोबत्याची जागा धरून. उतार एकास बारा. जागा पुढच्या कोपऱ्यात देऊ नका, तिथून उभे राहिलेल्यांच्या पाठीच दिसतात. या जागा धरून एकूण आकडा २,९०० वर आणून ठेवा.

पायरी नववी: रेतीची पोती बसवून बघा

माणसं बसवण्याआधी भाराची चाचणी घ्या. रीत ठरलेली आहे. गृहीत भाराच्या सव्वापट भार चोवीस तास ठेवायचा, स्लॅब किती वाकली ते मोजायचं, भार काढायचा. पुढच्या चोवीस तासांत ती वाक निदान तीन-चतुर्थांश भरून आली पाहिजे. पाच किलोन्यूटन धरले असतील तर दर चौरस मीटरला सव्वासहाशे किलो, म्हणजे पन्नास किलोंची साडेबारा पोती. ही चाचणी गावासमोर होऊ द्या. पोती मोजणारी पोरं उद्या त्याच पायरीवर बसणार आहेत.

पायरी दहावी: आकडा भिंतीवर लिहा आणि घड्याळ लावा

फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवा: क्षमता २,९००. तिकिटं किंवा पास तेवढेच छापा. प्रत्येक वाटेवर एक स्वयंसेवक. त्याचं काम एकच, वाटेत कुणाला बसू न देणं. कामठीपासून कोल्हापूरपर्यंत, जिथे जिथे तालमींच्या आणि क्लबांच्या नावावर मैदानं भरतात, तिथे हेच काम सर्वांत अवघड, कारण वाटेत बसणारा बहुधा ओळखीचाच असतो. सामना चालू असताना तिन्ही फाटकांना कुलूप नको; कडी लागेल ती आतून, आणि शेजारी माणूस.

पहिल्याच दिवशी २,९०० सोडू नका. सुरुवातीला एक हजार, मग दोन, मग पूर्ण. प्रत्येक वेळी शेवटच्या शिट्टीला घड्याळ सुरू करा आणि शेवटचा माणूस रस्त्यावर पोचेपर्यंत थांबा. आठ मिनिटांत झालं तर आकडा राहू द्या. दहा लागली तर लोक रेंगाळले, चहाच्या टपरीपाशी थांबले, असली कारणं वहीत लिहू नका. रंगाचा डबा घ्या आणि फाटकावरचा आकडा खाली आणा. मग पुढच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ लिहा: आणखी एक दार.